ढेप कोणी तपासायची?

आमच्या बेळगावात गूळ कसा घ्यायचा हे कुणाला शिकवावं लागत नाही. दुकानदार ढेपेवरचं गोणपाट बाजूला सारतो, आपण अंगठ्याने दाबून बघायचं, नखाने एक कणी मोडून जिभेवर ठेवायची आणि विचारायचं, "निपाणीकडचा की संकेश्वरचा?" पिवळाधमक दिसला की हात आपोआप तिकडे वळतो. काळपट ढेप कोपऱ्यात बसून असते. माझी आई नेमकी ती कोपऱ्यातली मागायची. दुकानदार म्हणायचा, "काकू, हा बघा की, सोन्यासारखा हाय." त्यावर तिचं उत्तर ठरलेलं असे: "उसाचा रस कधी असा पिवळा बघितलायस काय?"

तिला रसायनशास्त्र येत नव्हतं. मला येत होतं, तेच मी पोटासाठी अठ्ठावीस वर्षं शिकवलं. पण तिच्या प्रश्नाचा अर्थ मला एका गुऱ्हाळावर कळला.

गुऱ्हाळावर काहिलीत रस उकळायला लागला की मळी वर येते. ती धरायला भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालायचा, झाऱ्याने मळी काढत राहायचं. रस जितका स्वच्छ, तितका गूळ उजळ. हे कष्टाचं काम आहे, त्याला गुळव्याचा हात लागतो आणि तो हात आता महाग झालाय. त्याऐवजी पांढरी पावडर चिमूटभर टाकली की गूळ समोर उजळतो. गुऱ्हाळवाले तिला हायड्रॉस म्हणतात. पुस्तकी नाव सोडियम हायड्रोसल्फाइट. कापड उद्योगात रंग उडवायला वापरतात तीच ही. तिच्यातून गुळात सल्फर डायऑक्साइड उरतो, त्याला कायद्याने मर्यादा घातली आहे: दहा लाख भागांत ७० भाग. दम्याच्या माणसाला हे सल्फाइट चांगलंच त्रास देऊ शकतं.

गुऱ्हाळवाल्याला मी खलनायक करणार नाही. सौद्यात भाव रंगावर ठरतो. काळ्या ढेपेला क्विंटलमागे कमी पैसे मिळाले की ती तूट त्याच्या घरात पडते, आपल्या नव्हे. रंग आपणच मागितला, त्याने दिला. पण ७० भाग की ७०० भाग, हे अंगठ्याला कळत नाही, नखाला कळत नाही, जिभेला तर मुळीच नाही. बाजारात आपण घेऊन जातो ती हत्यारं एवढीच.

याच हत्यारांच्या भरवशावर १९३७ साली अमेरिकेत शंभराहून अधिक माणसं मेली. सल्फानिलामाइड हे तेव्हाचं नवं, गुणकारी औषध. लहान मुलांना गोळी गिळवेना म्हणून टेनेसीतल्या एका कंपनीने त्याचं रासबेरीच्या चवीचं पातळ औषध केलं. विरघळवायला वापरलं डायएथिलीन ग्लायकॉल, म्हणजे मूत्रपिंडं निकामी करणारं विष. कंपनीने तपासणी केली नव्हती असं नाही. केली होती: रंग कसा दिसतो, वास कसा येतो, चव कशी लागते. आपण गुळाला लावतो तेच निकष. ते पोटात गेल्यावर काय होतं हे बघण्याची सक्ती तेव्हाच्या कायद्यात नव्हती. पुढची गोष्ट ऐकून तर हसावं की रडावं कळत नाही. कंपनीवर ठेवता आलेला आरोप एवढाच, की बाटलीवर 'एलिक्झिर' लिहिलंय आणि एलिक्झिरमध्ये अल्कोहोल असावं लागतं, ते यात नाही. शंभर माणसं मारल्याचा गुन्हा नाही, नाव चुकल्याचा. १९३८ मध्ये कायदा बदलला: आधी सुरक्षितता दाखवा, मग विका.

धडा तिथे शिकला गेला. आपल्याकडे? १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले चौदा रुग्ण दगावले. ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होतं. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून औषध प्रशासनापर्यंत सगळ्यांची लक्तरं वेशीवर टांगली. आणि २०२५ च्या पावसाळ्याअखेर मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडची वीसहून जास्त मुलं खोकल्याच्या औषधाने गेली. पुन्हा तेच द्रव्य. मधे अठ्ठ्याऐंशी वर्षं गेली, कायद्यांची कपाटं भरली, परवाने होते, शिक्के होते. बाटली दुकानात पोचण्याआधी कुणीतरी तिचा थेंब यंत्राला दाखवायचा होता, तो दाखवला गेला नाही.

म्हणूनच मला आपल्या ग्राहक चळवळीबद्दल एक तक्रार आहे. आदर पुरेपूर ठेवूनच सांगतो. १९६६ मध्ये मुंबईत काही गृहिणींनी एकत्र येऊन कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी उभी केली, भेसळ ओळखायच्या साध्या चाचण्या बायकांना शिकवल्या. बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायतीची कल्पना मांडली, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत निघाली आणि हजारो मध्यमवर्गीय घरं महिन्याचं वाणसामान एकत्र घेऊन वाटून घ्यायला लागली. माझी एक मावशी गिरगावात राहायची, तिच्या जिन्यात महिन्याच्या ठरल्या दिवशी डाळीच्या पिशव्यांची रांग लागायची ती मी पाहिलीय. या रेट्यातूनच १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आला. हे सगळं खरं. पण कायदा आला आणि चळवळीचा चेहरा बदलला. ग्राहक म्हणजे तक्रारदार, अशी व्याख्या झाली. आधी नुकसान होऊ द्या, पावती जपून ठेवा, मग दोन वर्षांच्या आत या. चाचणी मागे पडली, तारीख पुढे आली.

परदेशात उलटं झालं. १९३६ साली न्यूयॉर्कमध्ये कन्झ्युमर्स युनियन निघाली तिने सुरुवातच तपासण्यापासून केली. तिचा एक नियम मला फार आवडतो: वस्तू कंपनीकडून नमुना म्हणून मागवायची नाही. साध्या गिऱ्हाइकासारखं दुकानात जायचं, पैसे मोजायचे, जी हातात पडेल ती घेऊन यायची. जाहिरात घ्यायची नाही. आणि निकाल नावानिशी छापायचा, हा उत्तम, तो बरा, अमुक घेऊ नका. भारतात या वाटेने नेटाने चाललेली संस्था म्हणजे अहमदाबादचं कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर, १९७८ चं. त्यांनी स्वतःची प्रयोगशाळा उभारली, ब्रँडची नावं घेऊन निकाल छापले. पण एवढ्या मोठ्या देशात अशी नावं मोजायला एका हाताची बोटं पुरतात.

नावानिशी छापणं का महत्त्वाचं, हे मी माझ्याच भित्रेपणावरून सांगू शकतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. खानापूर तालुक्यातली शाळा, नववीचा वर्ग. अन्नभेसळीचा धडा होता. मी मुलांना सांगितलं, घरून चमचाभर हळद पुडीत बांधून आणा. हळदीत मेटॅनिल यलो नावाचा कपड्याचा रंग घालतात, तो ओळखायची चाचणी अगदी सोपी आहे. परीक्षानळीत हळद, त्यावर हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब. गंमत अशी, की आम्ल तीव्र असेल तर शुद्ध हळदही लालसर होते आणि पोरं लगेच ओरडतात, "सर, भेसळ!" मग वरून पाणी ओतायचं. शुद्ध हळदीचा लाल रंग पाण्याने उतरतो. मेटॅनिल यलोचा गुलाबी-जांभळा उतरत नाही. त्या दिवशी स्टँडवर दहा-बारा नळ्या होत्या. पाणी ओतलं, एकेक फिकी पडत गेली. तीन तशाच राहिल्या, जांभळ्या. त्यातली एक पुडी एका दुकानदाराच्या मुलाने आणली होती, आपल्याच दुकानातली. बाकीच्या दोन पुड्याही त्याच दुकानातून गेलेल्या. पोराचं तोंड एवढंसं झालं. वर्ग शांत.

मी काय केलं? "आम्ल जुनं असेल रे," म्हणालो. नळ्या धुऊन टाकल्या. गावातलं एकुलतं दुकान, दुकानदार शाळेच्या स्नेहसंमेलनाला खाऊ देणारा, माझंही महिन्याचं खातं त्याच्याचकडे. त्याला तरी माहीत होतं की नाही, देव जाणे, त्यानेही पुडी कुठून तरी घाऊकमध्येच उचललेली. त्या संध्याकाळी मी बायकोला सांगितलं, हळद बेळगावातून आणू. म्हणजे ज्ञान माझ्याकडे होतं, ते मी माझ्या घरापुरतं वापरलं. गाव तीच हळद खात राहिलं. एकट्या माणसाने नाव घ्यायचं धाडस करावं अशी अपेक्षाच चुकीची आहे, असं आता वाटतं. नाव संस्थेने घ्यायचं असतं, आणि संस्थेने घेतलं की काय होतं याचं अलीकडचं उदाहरणही हळदीचंच आहे.

बांगलादेशात हळदीला पिवळी झळाळी यावी म्हणून लेड क्रोमेट चोळलं जाई, म्हणजे चक्क शिसं. १९८० च्या दशकात पुराने हळद भिजून निस्तेज झाली तेव्हापासूनची ही खोड. कुणी मुद्दाम विष घालायला बसलं नव्हतं, गुळासारखंच, गिऱ्हाईक रंग मागत होतं. २०१९ मध्ये संशोधकांनी बाजारातून नमुने उचलले आणि निकाल जाहीर केले. वर्तमानपत्रांत आलं, घाऊक बाजारात पत्रकं लागली, अधिकारी हातात धरायचं यंत्र घेऊन ढाक्याच्या बाजारात शिरले, जागच्या जागी दंड केले. २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं सापडलं होतं. २०२१ मध्ये शून्य. नवा कायदा झाला नाही, जुना होता तोच पुरला. बाजारातून नमुना उचलणं आणि ते ओरडून सांगणं, या दोन गोष्टी नव्याने झाल्या.

आता सीमाभागाकडे येतो, कारण इथे हा प्रश्न जास्त अवघड आहे आणि गंमत म्हणजे थोडा सोपाही.

अवघड असा. कागलकडचा गूळ कोगनोळीचा नाका ओलांडून इकडे येतो, आपली मिरची तिकडे जाते. माल एक, बाजार एक, अंमलदार मात्र दोन सरकारांचे. कर्नाटकचा अन्नसुरक्षा अधिकारी कोल्हापूर जिल्ह्यातल्या गुऱ्हाळावर जाऊ शकत नाही, महाराष्ट्राचा इथल्या दुकानात येऊ शकत नाही. आणि आपलं सगळं लक्ष दुकानाच्या पाटीवर. २०२४ मध्ये कर्नाटकाने पाटीवर साठ टक्के कन्नड सक्तीचं केलं, त्यावरून आपल्याकडे जे झालं ते सगळ्यांनी पाहिलं. माझ्या भाषेची पाटी मलाही हवी, हे सांगायची गरज नाही. पण पाटीखाली विकल्या जाणाऱ्या पाकिटाची मागची बाजू बघा. नियमाने तिथे इंग्रजी किंवा हिंदी असलं की भागतं. घटक काय, मुदत कधी संपते, हे ना मराठीत लिहावं लागतं ना कन्नडमध्ये. हुक्केरीची कन्नड बाई आणि खानापूरची मराठी बाई, दोघी ते पाकीट सारख्याच कोऱ्या नजरेने उलटंसुलटं करतात. पाटीवर भांडायला दोन्हीकडे माणसं आहेत, पाकिटावर भांडायला कुणी नाही.

सीमेवरच्या माणसाला खरोखर उपयोगी अशी एक गोष्ट मात्र झालीय. जुन्या ग्राहक कायद्यात तक्रार करायची तर दुकान किंवा कंपनी जिथे, किंवा व्यवहार जिथे झाला, तिथे जावं लागे. बेळगावच्या माणसाने कोल्हापुरात घेतलेल्या शिलाई यंत्रासाठी कोल्हापूरच्या खेपा घालायच्या. २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि आता आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. राज्याची हद्द एका गिऱ्हाइकापुरती तरी पुसली गेली! इतकी वर्षं सीमाप्रश्नाचे मेळावे ऐकतोय, यावर एक वाक्य कुणी बोलल्याचं आठवत नाही.

पण तिथेही चाचणीची गाठ आहेच. दोष तपासल्याशिवाय कळणार नसेल तर आयोग नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवतो, आणि तिची फी आधी तक्रारदाराला भरायला सांगू शकतो. शंभर रुपयांच्या गुळासाठी कोण भरेल? कुणी भरत नाही. म्हणून गूळ, हळद, तिखट, खवा, रोज पोटात जाणारं सगळं, आयोगापर्यंत पोचतच नाही. पोचतात ते फ्रीज आणि विम्याचे दावे.

सोपा असा, की सीमाभागातल्या मराठी माणसाला संस्था चालवायची सवय आहे. सरकारवर विसंबून राहिलं तर हाती काही लागत नाही हे आपण पिढ्यान्‌पिढ्या शिकलोय. वाचनालयं आहेत, पतसंस्था आहेत, महिला मंडळं आहेत, गल्लोगल्ली गणेशोत्सव मंडळं आहेत. माझं म्हणणं एवढंच आहे: यांतल्या पाच-सहा संस्थांनी मिळून वर्षातून तीनदा बाजारातून नमुने घ्यावेत. संक्रांतीआधी गूळ, लग्नसराईआधी हळद, दिवाळीआधी खवा. साध्या गिऱ्हाइकासारखं, रोख देऊन, पावती घेऊन. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवावेत आणि निकाल दुकानाच्या व ब्रँडच्या नावासकट वाचनालयाच्या फळ्यावर लावावेत. एका मांडवाच्या रोषणाईचा खर्च थोडा आवरला तर पहिलं वर्ष निघेल. (कुंदा, म्हणजे आमची बेळगावची खव्याची मिठाई, मी यादीत घेतलेला नाही. घेतला तर मला गाव सोडावं लागेल. पण खवा तपासला की कुंद्याचं काय ते कळेलच.)

मित्रांपुढे हे मांडलं तेव्हा एक वकील मित्र म्हणाला, "बदनामीचा दावा ठोकतील." खरं आहे. २०१५ च्या जूनमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मॅगीवर बंदी घातली आणि ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. ज्या प्रयोगशाळांत तपासणी झाली त्या त्यासाठी मान्यताप्राप्त नव्हत्या, आणि कंपनीचं म्हणणं नीट ऐकून घेतलं नव्हतं. सरकारचं हे होतं तर आपलं काय? पण मी त्या निकालातून उलटा अर्थ काढतो. न्यायालयाने तपासू नका असं म्हटलं नाही, नीट तपासा असं म्हटलं. म्हणजे नमुन्याचे भाग करायचे, एक दुकानदाराला सीलबंद द्यायचा, निकाल आधी त्याला कळवायचा, त्याला दुसऱ्या प्रयोगशाळेत जायचं असेल तर वाट बघायची, मग छापायचं. सरकारी नमुना उचलताना चार भाग करतात ते काही उगीच नाही.

दुसरी शंका जास्त जड होती, आणि ती एका जुन्या कार्यकर्त्याने काढली. "मराठी मंडळानं कन्नड दुकानदाराचं नाव लावलं की दुसऱ्या दिवशी काय होईल सांग." मी गप्प झालो, कारण काय होईल ते दोघांनाही दिसत होतं. आणि मराठी दुकानदाराचं लावलं तर? तेव्हा आपलीच माणसं म्हणतील, घरचं धुणं चव्हाट्यावर कशाला. यावर मला एकच तोड सुचते: पहिल्या दिवसापासून कन्नड संस्थांना सोबत घ्यायचं, फळा दोन भाषांत लिहायचा आणि नमुन्यांना आकडे द्यायचे, म्हणजे निकाल येईपर्यंत कुठला आकडा कुणाचा हे तपासणाऱ्यालाही कळू नये. कन्नड संस्था येतील का? मला वाटतं येतील. हळदीतल्या शिशाला कुठल्या संघटनेचा झेंडा लावणार? आल्या नाहीत तर मात्र हे काम करू नये, इतपत मी त्या कार्यकर्त्याशी सहमत आहे.

लहान दुकानदार मरेल, असंही कुणीतरी म्हणालं. तो मरू नये असं मलाही वाटतं, म्हणूनच त्याने घाऊक व्यापाऱ्याची पावती जपायला हवी आणि फळ्यावर तिथपर्यंतची साखळी लिहायला हवी. माझ्या खानापूरच्या दुकानदाराला त्या दिवशी निकाल हातात दिला असता तर तो पुढच्या खेपेला पुडी देणाऱ्याला चार शब्द सुनावून आला असता. मी नळ्या धुतल्या, तेव्हा त्याचीही ती संधी गेली.

कायद्यात एक वाट एकट्या माणसालाही आहे. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याचं चाळिसावं कलम म्हणतं, कुणीही गिऱ्हाईक विकत घेतलेला पदार्थ सरकारी अन्न विश्लेषकाकडून फी भरून तपासून घेऊ शकतं, आणि दोष निघाला तर फी परत मिळते. अट एक: खरेदी करतानाच दुकानदाराला सांगायचं, की मी हा तपासायला नेतोय.

गेल्या महिन्यात म्हटलं, करून तर बघू. एका दुकानात गेलो, दुकानाचं नाव सांगत नाही. पिवळीधमक ढेप समोरच होती. एक किलो फोडायला सांगितला. दुकानदाराने सुरा लावला, वजन केलं, कागदात बांधायला घेतला. तेव्हा मी म्हणालो, "हा मी तपासायला पाठवणार आहे, कायद्याप्रमाणे तुम्हाला आधी सांगावं लागतं."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग गुळाकडे. "काय करालाय सर, या वयात," म्हणाला. रागावला नाही, हसलाच. हातातला गूळ परत पाटीत टाकला आणि आतल्या पोराला हाक मारली:

"आतला काळा आण रे, सरांना."